भीतीचा दुसरा भाग

दोस्तांनो, आधी एक साधा प्रश्न. तुम्हाला ठाऊक असलेली एखादी भुताची गोष्ट आठवा. पहिल्यांदा ऐकली तेव्हा अंगावर काटा आला होता ना? पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं होतं, रात्री पाणी प्यायला उठताना कुणाला तरी सोबत नेलं होतं. आता तीच गोष्ट आज पुन्हा कुणी सांगितली तर? विहिरीच्या काठावर बसलेल्या बाईचे पाय उलटे आहेत, हे तुम्हाला आधीच माहीत आहे. मग कसली भीती! उलट तुम्हीच मध्ये तोंड घालाल, "आता पाय बघ, पाय!" आणि सगळे हसतील.

भीतीचं हे असं असतं. ती काडेपेटीतल्या काडीसारखी. एकदा पेटली की संपली.

मग विचार करा, ज्या माणसाचा धंदाच घाबरवण्याचा आहे, त्याने काय करावं? त्याने एक भयंकर खेळ बनवला. लाखो लोक तो खेळून घाबरले. खूश झाले. आणि म्हणाले, "आता दुसरा भाग आणा!" झाली पंचाईत. भूत तेच ठेवावं तर शिळ्या कढीला ऊत. सगळंच बदलावं तर लोक म्हणणार, "आम्हाला आवडलेला खेळ हा नव्हेच!"

मोटारींच्या शर्यतीच्या खेळाला ही अडचण नाही. नवे रस्ते, नव्या गाड्या दिल्या की दुसरा भाग तयार. क्रिकेटच्या खेळाला तर मुळीच नाही. पण भीतीच्या खेळाचा दुसरा भाग म्हणजे तारेवरची कसरत. ही कसरत ज्यांना जमली, त्यांची हकिकत आज सांगणार आहे. त्यात एक मोठी जोखमीची गोष्टही आहे, जवळजवळ तयार झालेला खेळ टोपलीत टाकण्याची!

पण थांबा. एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. ज्या खेळांबद्दल मी लिहिते आहे ते मोठ्या माणसांसाठी आहेत. त्यांच्या खोक्यावर तसा शिक्का असतो. त्यात रक्तपात आहे, चालती प्रेतं आहेत. ते तुम्ही आत्ता खेळावेत म्हणून हा लेख नाही. मात्र फटाक्यांचा कारखाना कसा चालतो हे समजून घ्यायला हातात सुतळी बॉम्ब पेटवावा लागत नाही. आपण कारखाना बघायला चाललो आहोत. चला.

पहिला भाग : एक घर आणि पुष्कळ दारं

जपानमधल्या ओसाका शहरात कॅपकॉम नावाची कंपनी आहे. १९८९ साली या कंपनीने 'स्वीट होम' नावाचा एक छोटासा भीतीचा खेळ काढला होता. एका झपाटलेल्या वाड्यात अडकलेल्या माणसांचा. काही वर्षांनी कंपनीने ठरवलं की याच कल्पनेवर नव्या प्लेस्टेशन यंत्रासाठी मोठा खेळ करायचा. हे काम शिंजी मिकामी या दिग्दर्शकाकडे आलं. मार्च १९९६ मध्ये तो खेळ बाजारात आला. जपानमध्ये त्याचं नाव 'बायोहॅझर्ड' आणि बाहेरच्या जगात 'रेझिडेंट ईव्हिल'.

गोष्ट साधीच. पोलिसांचं एक पथक जंगलातल्या एका जुन्या वाड्यात अडकतं. आत झॉम्बी, म्हणजे चालती प्रेतं. भूतबीत नाही हं, तर अम्ब्रेला नावाच्या एका लोभी कंपनीच्या प्रयोगशाळेतून निसटलेल्या विषाणूचा हा प्रताप. खेळाडूने तिथून जिवंत सुटायचं. अशा खेळांना 'सर्व्हायव्हल हॉरर' असं नाव पडलं. त्यातला 'सर्व्हायव्हल' म्हणजे तगून राहणं, हा शब्द फार महत्त्वाचा आहे. राक्षसांना ठार करणं इथे दुय्यम. आपण तगणं मुख्य.

आता गंमत बघा. त्या वेळच्या प्लेस्टेशनची मुख्य स्मृती होती फक्त २ मेगाबाइट! आज मोबाइलवर काढलेला एकच फोटो कित्येकदा त्याहून मोठा असतो. एवढ्याशा जागेत अख्खा वाडा हलताफिरता दाखवणं शक्यच नव्हतं. म्हणून कारागिरांनी एक युक्ती केली. खोल्यांची आधीच तयार करून ठेवलेली स्थिर चित्रं मागे लावली आणि त्यावर माणसं व झॉम्बी तेवढे हलते ठेवले. फ्रान्समध्ये १९९२ साली निघालेल्या 'अलोन इन द डार्क' या खेळात ही युक्ती आधी वापरली गेली होती.

चित्र स्थिर म्हणजे बघण्याची जागाही ठरलेली. जणू छताच्या कोपऱ्यात एक कॅमेरा ठोकून ठेवलाय. त्यामुळे झालं काय, की बोळाच्या वळणापलीकडे काय आहे ते खेळाडूला दिसेना. फक्त ऐकू येई. पाय फरफटत चालल्याचा आवाज. कण्हल्यासारखा आवाज. आहे कुठे, किती लांब आहे, काही कळायला मार्ग नाही. अडचणीतूनच भीती तयार झाली!

दुसरी युक्ती दारांची. एका खोलीतून दुसरीत जाताना यंत्राला सीडीवरून नवी खोली वाचायला वेळ लागायचा. त्या वेळात पडद्यावर काय दाखवायचं? तर अंधारात एक दार सावकाश, कुरकुरत उघडताना दाखवलं. खरं म्हणजे तो यंत्राचा वेळकाढूपणा. पण खेळणाऱ्याला वाटे, 'बाप रे, पलीकडे काय असेल?'

आणि तिसरी युक्ती टंचाईची. गोळ्या थोड्या. झोळीत वस्तू ठेवायला जागा ठरावीक. क्रिस नावाच्या गड्याकडे सहा वस्तूंची, जिल नावाच्या बाईकडे आठ वस्तूंची. इतकंच काय, कुठवर खेळलो याची नोंद ठेवायलाही टाइपरायटरची शाईची फीत लागे आणि त्या फितीसुद्धा मोजक्याच. म्हणजे प्रत्येक पावलाला हिशेब. या झॉम्बीवर गोळी खर्चू, की वळसा घालून पळू?

थोडक्यात, या खेळाने भीतीचं गणित मांडलं ते असं : न दिसणं, न कळणं आणि जवळ पुरेसं नसणं. भूत किती अक्राळविक्राळ आहे, हा हिशेब सगळ्यात शेवटी.

दुसरा भाग : अर्ध्यावरून मागे

पहिला खेळ तुफान चालला. दुसऱ्याचं काम १९९६ मध्येच सुरू झालं. मिकामी आता निर्माता झाले आणि दिग्दर्शनाची जबाबदारी दिली हिदेकी कामिया या तरुणाकडे. पंचविशीतला पोरगा, पहिल्यांदाच दिग्दर्शक. हाताशी सुमारे पन्नास माणसांची तुकडी.

त्यांनी जोमाने काम केलं. या वेळी वाड्याऐवजी अख्खं शहर, रॅकून सिटी. दोन मुख्य पात्रं : लिऑन हा नवा पोलीस आणि एल्झा वॉकर ही कॉलेजातली मुलगी. जागा होती आधुनिक, चकचकीत पोलीस ठाणं. खेळ १९९७ मध्ये येणार असं जाहीरही झालं. मासिकांत चित्रं छापून आली. अर्ध्याहून बराच जास्त खेळ तयार झाला.

आणि मग सगळ्यांनी मिळून तो नीट पाहिला. चुका फारशा नव्हत्या. खेळ चालत होता. पण... मजा नव्हती. ठाणं खऱ्या ठाण्यासारखं होतं आणि म्हणूनच रुक्ष वाटत होतं. एक भाग उत्तम, दुसरा भाग बरा, पण सगळे जोडले की त्यातून गोष्ट उभी राहत नव्हती. शिवाय पहिल्या खेळाशी धागा फार बारीक होता.

आता काय करायचं? तुम्ही असतात तर काय केलं असतं? खरं सांगा. चित्र तीन चतुर्थांश रंगवून झालंय, उद्या स्पर्धा आहे, आणि लक्षात आलं की चित्र चुकलंय. बहुतेक जण म्हणतील, "जाऊ दे, कोण बघतंय! लोक नावावर विकत घेतील." आणि घेतलंही असतं लोकांनी. पहिल्या भागाचं नाव इतकं मोठं होतं की दुसरा भाग कसाही असता तरी खपला असता.

पण कॅपकॉमने तो खेळ रद्द केला. पन्नास माणसांची कित्येक महिन्यांची मेहनत बाजूला ठेवली आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतली. त्या टाकून दिलेल्या खेळाला पुढे 'दीड' असं नाव पडलं. पहिला आणि दुसरा यांच्या मधला तो दीड!

या कामात मदतीला आले नोबोरू सुगिमुरा. हे खेळांच्या जगातले नव्हेत, तर दूरदर्शन मालिकांचे लेखक. 'पॉवर रेंजर्स' हे नाव घरातल्या मोठ्या ताई-दादांना विचारा. ती अमेरिकन मालिका ज्या जपानी मालिकेची दृश्यं वापरून केली होती, तिचे हे मुख्य लेखक. त्यांनी बाहेरच्या माणसाच्या नजरेने गोष्ट वाचली आणि कच्चे दुवे दाखवले. एल्झा वॉकर गेली. तिच्या जागी आली क्लेअर रेडफिल्ड, म्हणजे पहिल्या भागातल्या क्रिसची सख्खी बहीण. हरवलेल्या भावाला शोधायला ती या शहरात येते. एवढ्या एका बदलाने दोन्ही खेळ एका धाग्यात ओवले गेले.

चाहते वाट बघून कंटाळले होते. त्यांची समजूत काढायला कंपनीने १९९७ मध्ये पहिल्याच खेळाची सुधारलेली आवृत्ती काढली आणि अमेरिकेत तिच्यासोबत दुसऱ्या भागाचा छोटा नमुना दिला. शेवटी जानेवारी १९९८ मध्ये 'रेझिडेंट ईव्हिल २' आला.

आता कारखान्याच्या आतल्या खोलीत जाऊ. तो जमला कशाने?

जुन्यांना नातं, नव्यांना वाट

दुसऱ्या भागाकडे दोन प्रकारचे लोक येतात. पहिला भाग खेळलेले आणि न खेळलेले. दोघांनाही पान वाढायचं असतं. क्लेअर ही जुन्यांसाठी. 'क्रिसचं पुढे काय झालं?' हा प्रश्न त्यांच्या मनात आहे, तोच तिच्या मनात. लिऑन मात्र नव्यांसाठी. त्याचा पोलीस खात्यातला हा पहिलाच दिवस! त्याला काही माहीत नाही, तुम्हालाही नाही. शाळेत नवीन आलेल्या मुलाबरोबर आपणही शाळा बघत फिरावं, तसं. आणि रद्द झालेल्या खेळात ही दोन पात्रं एकमेकांना भेटतच नव्हती. नव्या गोष्टीत ती भेटतात, वेगळी होतात, पुन्हा गाठ पडते.

मोठं केलं, पण मोकळं सोडलं नाही

वाड्यातून शहरात जाणं म्हणजे जागा वाढवणं. पण मोकळ्या मैदानात भीती वाटत नाही, पळता येतं ना! म्हणून शहर दाखवून झालं की लगेच खेळाडूला पुन्हा एका इमारतीत कोंडलं. या वेळी पोलीस ठाणं साधं नव्हतं. ते एका जुन्या कलासंग्रहालयाच्या इमारतीत आहे, असं दाखवलं. उंच दिवाणखाना, पुतळे, जिने, विचित्र कुलपं. पोलीस ठाण्यात पुतळ्याच्या हातातला खडा फिरवून किल्ली कशी मिळते, असा प्रश्न मग कुणाला पडला नाही. एका कल्पनेने दोन कामं झाली. जागा गूढ झाली आणि कोड्यांना कारण मिळालं.

माहीत असलेलंच वेगळं वागतं

मला सगळ्यात आवडलेली युक्ती ही. पहिल्या भागात एका लांब बोळातून जाताना अचानक काच फुटते आणि पिसाळलेला कुत्रा आत उडी मारतो. तो दचका जगभर गाजला. आता दुसऱ्या भागात खेळाडूला खिडक्यांचा बोळ दिसला, की तो सावध. आता फुटणार, आता फुटणार...

पण काच फुटत नाही. खिडकीबाहेरून काहीतरी सरपटत जातं. बस्स. पुढच्या बोळात शांतता. मेलेला एक पोलीस. आणि वरून थेंब पडल्याचा आवाज. टप्... टप्... मग कॅमेरा सावकाश वर जातो. छताला उलटा चिकटलेला, सोललेल्या अंगाचा आणि लांब जिभेचा एक प्राणी. नाव लिकर.

बघा, इथे कारागिरांनी तुमच्या आठवणीचाच उपयोग केला. पहिला भाग विसरा असं ते म्हणाले नाहीत. 'तुम्हाला आठवतंय ना? छान. आता तुमची आठवणच तुम्हाला फसवेल,' असं म्हणाले. काडी पुन्हा पेटत नाही हे खरं. पण ती काडी आठवून माणूस कुठे बघेल हे ठाऊक असलं, तर दुसरीकडून फुंकर घालता येते.

हाच डाव पुढे दारांच्या बाबतीत झाला. पहिल्या भागांत खेळाडू शिकला होता की दारापलीकडे पळालो की वाचलो. पाठलाग करणारा दार ओलांडत नाही. १९९९ च्या तिसऱ्या भागात नेमेसिस नावाचा राक्षस आला आणि तो दारातून मागे आला! ज्या नियमावर इतके दिवस विसंबलो तोच मोडला. एका नव्या राक्षसापेक्षा एक मोडलेला नियम जास्त घाबरवतो.

मशीनगन कुणाची?

हा दुसरा खेळ दोन सीडींवर होता. एक लिऑनची, एक क्लेअरची. एकाची गोष्ट संपवली की त्याच रात्रीची दुसऱ्याची गोष्ट खेळायची. आधी कोण, नंतर कोण, यावरून मिळून चार गोष्टी होत. पण खरी मेख पुढे आहे.

ठाण्यात एका खोलीत दोन मौल्यवान वस्तू असतात. एक मशीनगन आणि एक जादा पिशवी, जिने झोळीत आणखी दोन वस्तूंची जागा होते. पहिल्या गोष्टीत तुम्ही त्या घेतल्यात, तर दुसऱ्या गोष्टीतल्या पात्राला ती खोली रिकामी सापडते. तुम्ही घेतल्याच नाहीत, तर त्या त्याच्यासाठी राहतात.

आता ठरवा! आत्ता गळ्याशी आलंय, गोळ्या संपत आल्यात, समोर मशीनगन आहे. घेऊ? की मागून येणाऱ्यासाठी ठेवू? आणि मागून येणारा तरी कोण, पुढच्या आठवड्यातले तुम्हीच. पहिल्या भागातल्या टंचाईला इथे नवं वळण मिळालं. आधी प्रश्न होता 'मला पुरेल का?' आता प्रश्न झाला 'मी घेतलं तर दुसऱ्याला उरेल का?' डब्यातला शेवटचा लाडू समोर असताना हा प्रश्न तुम्हालाही पडतोच की!

जखम दिसते आणि विसावाही मिळतो

आणखी दोन लहान गोष्टी. पहिल्या भागात प्रकृती किती बिघडली ते बघायला झोळीचं पान उघडावं लागे. दुसऱ्या भागात पात्र जखमी झालं की पोटाला हात धरून चालतं, आणखी लागलं की लंगडतं. आकडा वाचून कुणाला कळवळा येत नाही. लंगडणारं माणूस बघून येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे टाइपरायटरच्या खोल्या. तिथे शांत, थोडं उदास संगीत वाजतं. धोका नाही. खेळाडू हुश्श करतो, झोळी आवरतो. हा विसावा नसता तर? सलग तिखट खाल्लं की जीभ बधिर होते, मग मिरचीही कळत नाही. मध्ये दह्याचा एक घास लागतो. दही खाल्लं की पुढचा ठसका जास्त लागतो, हेही कारागिरांना पक्कं ठाऊक होतं.

कुठे घसरलं?

सगळ्यांनाच हे जमलं नाही. 'अलोन इन द डार्क'चा १९९३ चा दुसरा भाग घ्या. पहिल्यात एकटं घर, सावल्या आणि चाहूल होती. दुसऱ्यात गुंड आणि चाचे आले, मारामारी वाढली. खेळ वाईट नव्हता, पण अंधारातलं एकटेपण पातळ झालं.

खुद्द कॅपकॉमही याच खड्ड्यात पडलं. १९९८ चा धडा देणारीच मंडळी, पण २०१२ च्या सहाव्या भागात स्फोट, पाठलाग, बंदुका यांची अशी रेलचेल झाली की जुने चाहते म्हणाले, "भीती कुठे गेली?" कारण सरळ आहे. हातात भरपूर गोळ्या असल्या की माणूस शिकारी होतो. शिकाऱ्याला भीती वाटत नाही. मग २०१७ च्या सातव्या भागात कंपनी परत फिरली. एक पडकं घर, एक विचित्र कुटुंब आणि एक साधा माणूस, ज्याच्या डोळ्यांनीच सगळं बघायचं. पुन्हा कमी गोळ्या, पुन्हा बंद दारं.

दुसरी वाटही आहे बरं का. कोनामी कंपनीच्या 'सायलेंट हिल'ने १९९९ मध्ये शहरावर दाट धुकं पसरवलं. यंत्राला लांबचं दाखवणं झेपत नव्हतं, ते धुक्याने झाकलं. २००१ च्या दुसऱ्या भागात पात्रं पूर्ण नवी घेतली. ठेवलं काय? फक्त ते शहर आणि धुकं. एका माणसाला वारलेल्या बायकोचं पत्र येतं, 'मी इथे वाट बघते आहे.' तिथला खरा राक्षस बाहेर नसून त्या माणसाच्या मनात असतो. म्हणजे नातं पात्रांचंच लागतं असं नाही. जागेचंही चालतं.

हिशेब काय लागला?

कॅपकॉमच्या स्वतःच्या यादीप्रमाणे १९९६ च्या मूळ खेळाच्या २७ लाख ५० हजार प्रती गेल्या, तर १९९८ च्या दुसऱ्या भागाच्या ४९ लाख ६० हजार. २०१९ मध्ये हाच दुसरा खेळ नव्या यंत्रांसाठी पुन्हा नव्याने घडवला, त्याच्या तर एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. या नव्या खेळात मिस्टर एक्स नावाचा टोपीवाला धिप्पाड पाठलागकर्ता आहे. १९९८ मध्ये तो ठरावीक जागीच येई. आता काही मोजक्या खोल्या सोडल्या तर तो ठाणंभर तुम्हाला शोधत फिरतो आणि त्याच्या बुटांचा आवाज भिंतीपलीकडून ऐकू येतो. धप्, धप्, धप्. पुन्हा तेच जुनं गणित, न दिसणं पण ऐकू येणं!

वही फाडण्याआधी

आता त्या टाकून दिलेल्या खेळाकडे परत येऊ. ही गोष्ट ऐकून कुणी म्हणेल, "वा! म्हणजे काम आवडलं नाही की फाडून टाकायचं!" नाही हं. नीट बघा त्यांनी काय केलं ते.

एक, त्यांनी सगळं टाकलं नाही. लिऑन ठेवला. शहर ठेवलं. पडद्यावर एका वेळी सात झॉम्बी दाखवण्याची जी हिकमत मोठ्या कष्टाने साधली होती, ती ठेवली. चुकलेलं चित्र टाकलं तरी रंग मिसळायला शिकलेला हात कुठे जात नाही.

दोन, त्यांनी बाहेरच्या माणसाला विचारलं. आपल्याच निबंधातली चूक आपल्याला दिसत नाही, कारण आपण कागदावर असलेलं वाचत नाही, मनात असलेलं वाचतो.

तीन, त्यांनी किंमत मोजली. उशीर झाला, लोक नाराज झाले, पैसे गेले. 'वाईट' काम टाकणं सोपं असतं. 'बरं' काम टाकणं कठीण. कारण बऱ्या कामावर पास होता येतं. पस्तीस गुण तर कुठे गेले नाहीत! पण ज्याने पहिल्या वेळी लोकांना मनापासून घाबरवलं, त्याने दुसऱ्या वेळी 'पास' होऊन भागत नाही. लोकांनी दिलेला विश्वास हे एक प्रकारचं कर्ज असतं, ते फेडावं लागतं.

तेव्हा पुढच्या वेळी वही फाडाविशी वाटली तर आधी स्वतःला विचारा : यातलं काय ठेवण्यासारखं आहे? कुणाला दाखवलं का? आणि पुन्हा करायला लागणारा वेळ द्यायची माझी तयारी आहे का? तिन्हींची उत्तरं मिळाली, तरच पान उलटा.

या आठवड्याचा उद्योग

तुम्हाला माहीत असलेली एक भीतीची गोष्ट घ्या. आजीची, मावशीची, गावाकडची, कुठलीही. तिचा दुसरा भाग लिहा, जास्तीत जास्त वीस ओळी. नियम तीन :

१. भूत शेवटच्या दोन ओळींपर्यंत दिसता कामा नये. फक्त चाहूल.

२. पहिल्या गोष्टीतला एक नियम मोडा. उदाहरणार्थ, दिवा लावला की भूत पळतं ना? मग या वेळी दिवा लावल्यावर काय झालं?

३. गोष्टीतल्या मुलाकडे कुठली तरी एक गोष्ट कमी असू द्या. एकच काडी, अर्धी मेणबत्ती, संपत आलेला टॉर्च.

लिहून झाली की दोघांना वाचून दाखवा. एक, ज्याला मूळ गोष्ट माहीत आहे. दुसरा, ज्याला नाही. दोघेही गप्प झाले, तर समजा जमलं. दोघे हसले, तर पुन्हा लिहा. त्यात लाज नाही. ओसाकातल्या पन्नास जणांनीही तेच केलं.

आई-बाबांसाठी चार ओळी

हे खेळ मुलांच्या कानावर येतातच, घरात नसले तरी मित्रांकडून, मोबाइलवरून. 'रेझिडेंट ईव्हिल २' वर अमेरिकेत १७ वर्षांवरील आणि युरोपात १८ वर्षांवरील असा शिक्का आहे. खोक्यावर किंवा खेळाच्या पानावर तो बघायची सवय लावावी. मोठा भाऊ खेळताना धाकटा शेजारी बसून बघतो, तेव्हा धाकट्याने तो खेळ खेळल्यासारखंच होतं, हेही ध्यानात असू द्यावं. आणि एखाद्या रात्री पोर घाबरून उठलंच, तर कृपा करून "एवढा मोठा झालास आणि घाबरतोस?" असं म्हणू नये. काय दिसलं ते विचारावं. सांगता सांगता भीती लहान होते. दिसत नाही तोवरच ती मोठी असते, हे आज आपण पाहिलंच.

बरंय तर मग, पुढच्या अंकात भेटू.